अण्णांचे देवापुढचे अर्ज

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी एक प्रश्न विचारलात आणि मी तो उडवून लावला. पणजोबांची पूजा संपत आली की घरातले सगळे एकदम गप्प का होतात, असं तुम्ही विचारलं होतं. मिक्सर बंद होतो, पणजी गॅस बारीक करते, मीसुद्धा हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवते. तुम्हाला वाटलं, ही आमची भक्ती. भक्ती थोडी आहेच. पण खरं कारण असं की आमच्या घरात कुणाला काय हवं-नको ते त्याच वेळी कळतं. पणजोबा शेजारीच बसले होते, म्हणून फोनवर सांगता आलं नाही. लिहून पाठवते आहे. वाचा, आणि त्यांच्यासमोर यातलं अवाक्षर काढू नका.

पणजोबांना मी अण्णा म्हणते, म्हणून इथेही अण्णाच लिहीन. पणजी म्हणजे माझी आई, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

अण्णा नव्वदीला टेकलेत, आई त्यांच्याहून थोडी लहान. अगदी आत्ता-आत्तापर्यंत दोघं सोयगावला राहत होते, बाजाराच्या मागच्या गल्लीत, अण्णांनी नोकरीत असताना बांधलेल्या तीन खोल्यांच्या स्लॅबच्या घरात. अण्णा तहसील कचेरीत कारकून होते. निजामाच्या राजवटीत शाळेत बसवल्यामुळे त्यांनी पहिली अक्षरं उर्दूत गिरवली. पुढची सगळी नोकरी लोकांच्या मराठी अर्जांवर शेरे मारण्यात गेली. दोन्ही गोष्टी त्यांच्या जिभेवर अजून आहेत. आईला आमटी वाढायला उशीर झाला, तर ते ताटावरून वर न बघता म्हणतात, "आमटीचं प्रकरण प्रलंबित आहे."

एका सकाळी पूजा आटोपल्यावर पाटावरून उठताना अण्णा कलंडले. लागलं काही नाही, पण उठता येईना. आईनं त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उठवलं आणि तिचं मनगट दुखावलं. हे मला कळलं ते शेजारणीच्या फोनवरून. आईला विचारलं तर ती म्हणाली, "काही नाही गं, पिठाचा डबा उचलताना लचकलं." अण्णांना विचारलं तर ते म्हणाले, "कोण पडलं?"

शेजारीण मात्र स्पष्ट बोलली. "आजचं नाय ताई हे. लई दिवसांपासून माय रोज उठवती त्यांना. एखाद्या दिवशी दोघं बी खाली बसून राहतील, अन् दार आतून लावलेलं."

ते आतून लावलेलं दार माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. मी शहरात, गारखेड्यात, माझा भाऊ बेंगळुरूला. सोयगाव काही परदेशात नाही, पण धावत जाऊन दार उघडावं इतकं जवळही नाही. दुसऱ्या दिवशी मी गाडी ठरवून निघाले. जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवल्यामुळे कुठलीही गोष्ट मुद्दे पाडून मांडायची मला सवय आहे. सिल्लोड मागे पडेपर्यंत माझे सगळे मुद्दे तयार होते. माझ्या घरी सकाळचं ऊन येणारी खोली, बाथरूममध्ये धरायला दांडा, कोपऱ्यावरचे डॉक्टर, अण्णांना अंघोळीला आणि उठाबसायला मदत करायला सकाळी येणारा माणूस. नाही म्हणायला कुठे जागाच नव्हती.

दुपारी जेवणं झाल्यावर मी सुरुवात केली.

"अण्णा, थोडं बोलायचं होतं. पुढच्या व्यवस्थेबद्दल."

"कुणाच्या?"

"तुमच्या दोघांच्या."

"आमची व्यवस्था उत्तम आहे. तुझी कशी आहे? गुडघा काय म्हणतो?"

"गुडघा बरा आहे. अण्णा, तुम्ही परवा पडलात."

"पडलो नाही. बसलो."

"आडवे बसलात का?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

अण्णांनी शांतपणे कानातलं ऐकू यायचं मशीन काढलं, चष्म्याच्या डबीत ठेवलं, डबीचं झाकण टक् करून लावलं आणि माझ्याकडे पाहून गोड हसले. सभा बरखास्त झाली.

मी आईकडे वळले. "तू तरी सांग. तुला काय वाटतं?"

"मी काय सांगू? हे म्हणतील तसं."

"ते काहीच म्हणत नाहीत. तुला काय वाटतं ते विचारतेय मी."

"मला वाटतं, तू चहा घेशील," असं म्हणून ती उठली. डाव्या हातानं पातेलं उचललं तिनं, हे माझ्या लक्षात आलं.

संध्याकाळी मशीन कानात पाहून मी पुन्हा प्रयत्न केला. अण्णा म्हणाले, "शहरात मला कोण ओळखतं? इथं रस्त्यानं गेलो तर माणसं थांबून नमस्कार करतात."

"तुम्ही रस्त्यानं जाता कुठे, अण्णा?"

"गेलो तर, म्हणालो मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिक्सरमध्ये खोबरं वाटत होते. अण्णा देवघरात होते. घंटा वाजली, नैवेद्य झाला, तशी आईनं पुढे होऊन मिक्सरचं बटण बंद केलं आणि बोट ओठांवर ठेवलं. मला वाटलं कुणी आलं. तेवढ्यात देवघरातून अण्णांचा आवाज आला. खणखणीत, कचेरीत नावं पुकारावीत तसा.

"मेहेरबान देवाधिदेव यांचे सेवेशी. अर्जदार नेहमीप्रमाणे हजर आहे. दही आंबट असल्याबाबतचा कालचा अर्ज अद्याप निकाली निघालेला नाही. तरी लक्ष घालावं."

मी आईकडे पाहिलं. ती फळीवरून दह्याचं वाडगं काढत होती. कुजबुजत म्हणाली, "आज लागलंय गोड."

"हे काय चाललंय?"

"हळू बोल. मनातल्या मनात म्हणतायत ते."

मग तिनं मला कुजबुजतच सगळं समजावलं. अण्णांना पूर्वीपासून पूजेनंतर हात जोडून मनात काहीतरी म्हणायची सवय. ऐकू कमी यायला लागलं तसं ते ओठांत म्हणायला लागले, आणि आणखी कमी झालं तसं ते मनातलं बोलणं गल्लीत ऐकू जायला लागलं. मशीन आलं तेव्हा वाटलं आता सुधारेल. पण अंघोळीआधी काढलेलं मशीन पूजा होईपर्यंत ते कानाला लावत नाहीत. सोवळ्यात ते चालत नाही, कारण त्यात आतून काय असेल सांगता येत नाही. त्यामुळे त्यांना अजूनही वाटतं की आपण मनातच बोलतोय.

"आणि तू ऐकतेस?"

"ऐकते म्हणजे, कानावर पडतं. तोंडली नकोत म्हणाले, मी तोंडली आणायची बंद केली. उशी टोचते म्हणाले, मी कापूस बदलला. त्यांना वाटतं देव ऐकतो. पहिल्यापेक्षा भक्ती वाढलीय त्यांची."

हे खरं होतं. माझ्या लहानपणी अण्णांची पूजा म्हणजे कचेरीला उशीर होऊ नये म्हणून केलेलं काम होतं. देवांच्या अंगावर पाणी पडलं न पडलं तोच ते सायकल काढत. म्हातारपणी मात्र पूजा लांबत गेली होती. आता मला त्याचं कारण कळलं. ज्या कचेरीत अर्ज केला की काम होतं, तिथे माणूस पुन्हा पुन्हा जातो.

"पण हे तुलाच का सांगत नाहीत ते?" मी विचारलं.

"मला सांगितलं तर हट्ट होतो. देवाला सांगितलं तर अर्ज."

आत दुसरा अर्ज सुरू झाला होता. "विषय, मुलीच्या आगमनाबाबत. मुलगी शहरातून आलेली आहे. तिचा हेतू नेक आहे, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु आमच्या गल्लीतील सेवानिवृत्त मास्तर यांचंही असंच झालं. मुलंमुली प्रेमानं न्यायला आली. मास्तरांना मुलाकडं ठेवण्यात आलं आणि त्यांच्या कुटुंबास मुलीकडं. दोघं रविवारी फोनवर बोलतात. मास्तरांचा हात कापतो, फोन सून धरते. सुनेसमोर काय बोलणार? 'बरं आहे' म्हणतात आणि ठेवतात. अर्जदाराच्या बाबतीत अशी तजवीज होऊ नये. अर्जदारास कुठंही ठेवावं, ओसरीत ठेवावं, जिन्याखाली ठेवावं, पण कुटुंबासमवेत ठेवावं. तिनं लावलेलं दही आंबट असलं तरी चालेल. सबब, पहिला अर्ज रद्द समजावा."

घंटा पुन्हा एकदा वाजली.

आई दह्याचं वाडगं धरून तशीच उभी होती. कुटुंब म्हणजे बायको, हे तुम्हाला सांगायला हवं. जुन्या लोकांत बायकोचा उल्लेख असाच व्हायचा. थोड्या वेळानं ती लगबगीनं ओट्याकडे वळली आणि म्हणाली, "बघ, बोलता बोलता फोडणी जळली." गॅसवर काहीच नव्हतं.

दोघं एकत्र, एका खोलीत राहतील, हे माझ्या दृष्टीनं इतकं उघड होतं की माझ्या मुद्द्यांत ते कुठेच नव्हतं. बाथरूममधल्या दांड्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळं मी बोलले असते. एवढं एक सोडून.

मी हात पुसले आणि देवघराकडे निघाले. आईनं माझा दंड धरला, दुखऱ्या हातानं.

"कुठं?"

"सांगते त्यांना. तुम्हा दोघांना वेगळं करायचं कुणाच्या मनातसुद्धा नाही म्हणून."

"आणि तुला कसं कळलं, असं विचारलं तर?"

मी परत ओट्यापाशी आले.

"त्यांना कळलं की आपल्याला ऐकू येतं, तर ते खरंच मनात म्हणायला लागतील," आई म्हणाली. "मग मला काय कळणार? सगळा संसार झाला, या माणसानं मला कधी काय हवं ते सांगितलं नाही. ताटात पडेल ते खाल्लं. आता म्हातारपणी कुठं कळायला लागलंय. तेवढं राहू दे मला."

तेव्हा अण्णांना सांगायचं तर होतं, पण कळलंय हे कळू द्यायचं नव्हतं. दिवसभर मी यावर विचार केला आणि एकही मुद्दा सुचला नाही.

संध्याकाळी आईनं दिवा लावला. तिचं देवाशी बोलणं अगदी वेगळं. ती बाळकृष्णाशी शेजारच्या घरातल्या खोडकर पोराशी बोलावं तसं बोलते. अण्णा बाहेर खुर्चीत डुलक्या घेत होते आणि मी दारात उभी होते, हे तिला दिसत होतं.

"काय रे, बसलास मजेत? तुला काय, कुणी उचलतं, कुणी ठेवतं. इथं माझं मनगट आता धरत नाही. उद्या ह्यांना उठवताना हात सुटला तर काय करू, ते सांग. ताईकडं जायला माझी ना नाही. पण 'चला' असं मी म्हणायची नाही. ते त्यांनी म्हटलं पाहिजे. बघ बाबा काय करतोस." मग तिनं वात सारखी केली आणि माझ्याकडे न बघता माझ्या शेजारून आत निघून गेली.

आईचे कान तिखट आहेत. मोठ्यानं बोलायची तिला काही गरज नव्हती.

मला उशिरा का होईना, पण या घराची रीत समजली. इथे समोरासमोर प्रश्न विचारला की गुडघ्याची चौकशी होते किंवा चहा येतो. बोलायचं ते देवाच्या मार्फत.

अडचण अशी की देवाशी बोलायची सवय मलाच नव्हती. नोकरीत असताना घराबाहेर पडताना उभ्या-उभ्या नमस्कार, तोही चप्पल घालायच्या आधी. तुमचे आजोबा गेल्यावर मी रोज दिवा लावायला लागले, पण दिवा लावून झाला की काय म्हणायचं ते कळत नसे. हजेरी लावल्यासारखी उभी राहायचे आणि वळायचे.

दुसऱ्या दिवशी अण्णांची पूजा झाली. आईनं त्यांना उठवायच्या आत मी पुढे झाले आणि दोन्ही हातांनी आधार देऊन त्यांना खुर्चीत बसवलं. त्यांनी मशीन कानात घातलं. ते कानात बसताना चिमणीसारखं चिवचिवतं. तो आवाज ऐकून मी खात्री करून घेतली. मग म्हणाले, "अण्णा, आज मलाही जरा बसायचंय देवापुढे."

"बस की. देव काय माझ्या बापाचा आहे?"

मी पाटावर बसले, हात जोडले, आणि तोंडातून शब्द फुटेना. वर्गात तासन् तास बोलणारी मी. शेवटी अण्णांचीच भाषा मदतीला आली.

"देवा, एक अर्ज आहे," मी मोठ्यानं म्हणाले. "अण्णा आणि आई माझ्याकडे आले तर त्यांची खोली एकच असेल. पलंग शेजारी-शेजारी असतील. त्यांना कुणी वेगळं नेणार नाही. माझ्या भावानं नेलं तरी दोघांना मिळून नेईल. त्यांच्यासोबत तूही येशील, तुझी जागा मी काढून ठेवली आहे. अण्णांना उठवायला माणूस असेल, आईचा हात लागणार नाही."

इतकं ठरवलेलं होतं. पण हात जोडलेलेच राहिले आणि पुढचं आपोआप येत गेलं.

"आणि देवा, मला रोज सकाळी धास्ती वाटते. फोन वाजला की वाटते, नाही वाजला तरी वाटते. घरात मी एकटी. एक कप चहा करायचा मला फार कंटाळा आलाय. अर्ध्या वेळा मी करतच नाही. त्यांना माझ्यासाठी पाठव."

हा मुद्दा माझ्या मुद्द्यांत नव्हता. बोलून झाल्यावरच मला कळलं की तोच पहिला होता.

मागे खुर्ची किरकिरली. अण्णा म्हणाले, "ताई, जरा हळू. देव बहिरा नाही."

स्वयंपाकघरात आईला जोराचा खोकला आला. तो बराच वेळ थांबेना.

मी उठले तेव्हा अण्णा छताकडे बघत होते. "एक खोली म्हणालीस का?"

"मी देवाला म्हणाले."

"हो, हो. सहज कानावर आलं म्हणून विचारलं. मी ऐकत नव्हतो." मग म्हणाले, "देवापुढं बोललेलं दफ्तरी दाखल होतं. मागं घेता येत नाही. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे अण्णा."

त्या दिवशी ते यावर एक शब्दही बोलले नाहीत. निकाल लागला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. आई आणि मी ओट्यापाशी भाजी निवडत उभ्या होतो. निवडत होतो म्हणजे नुसती मेथी हातात धरली होती.

"अर्जदारानं जागेची पाहणी केलेली नाही," अण्णा देवाला म्हणाले, "तरी प्रस्ताव सकृद्दर्शनी बरा दिसतो. मुलगी एकटी असते, चहासुद्धा करून घेत नाही, ही बाब गंभीर आहे. तिच्या देखभालीसाठी अर्जदारास सहकुटुंब जाणं भाग आहे. मुदत दिवाळीपर्यंत. कायम नाही. नोंद घ्यावी."

जेवताना त्यांनी सहज सुचल्यासारखं आईला सांगितलं, "अगं, ताईकडं जाऊन यावं म्हणतो थोडे दिवस. तिचं खाण्यापिण्याकडं लक्ष नाही."

"तुम्ही म्हणाल तसं," आई म्हणाली, आणि माझ्या भातावर जरा जास्तच तूप वाढलं. जेवणानंतर मी तिला बांधाबांधीत मदत करायला गेले, तर तिची पिशवी आधीच भरून कपाटाआड ठेवलेली होती.

निघताना अण्णांनी देव स्टीलच्या डब्यात तांदळांत बसवले आणि डबा मांडीवर घेतला. फर्दापूरला मी चहासाठी गाडी थांबवली. अण्णा उतरेनात. देवांना गाडीत एकटं कसं ठेवायचं, आणि चहाच्या टपरीवर तरी कसं न्यायचं? म्हणून त्यांना चहा गाडीतच दिला. एक गाइड खिडकीशी येऊन वाकला. "काका, लेणी पाहायची का? अर्ध्या किमतीत दाखवतो."

अण्णांनी मांडीवरचा डबा थोपटला. "आमच्याकडं मूर्ती पाहिजे तेवढ्या आहेत. तुम्हीच पाहून जा."

गारखेड्यात आल्यावर थोडी झटापट झाली ती देवघराच्या उंचीवरून. अण्णांनी खुर्चीत बसून पूजा करावी असं मला वाटत होतं, म्हणजे पाटावरून उठायचा प्रश्न मिटला असता. पण आपण खुर्चीत आणि देव खाली, हे त्यांना पटेना. सुतारानं फळी वर घेतली, तर आईचा हात पोचेना. शेवटी सकाळच्या अर्जातून तोडगा मिळाला. "अर्जदाराच्या डोळ्यांच्या रेषेत देवांचे पाय यावेत, एवढंच पुरे." तशी फळी बसली. मदतीला येणाऱ्या माणसालाही त्यांनी आधी हातही लावू दिला नाही. तो बाथरूमच्या दाराबाहेर स्टुलावर बसून नुसता राजकारणावर बोलायचा. मग एक दिवस त्याचं मत खोडून काढायला अण्णांना उठायचं होतं आणि उठता येईना. तेव्हापासून तो आत जातो.

दिवाळी आली. अण्णांनी मुदतवाढीचा अर्ज केला. तो लगेच मंजूर झाला, कारण मी स्वयंपाकघरातच होते. मध्यंतरी त्यांनी देवाकडे तक्रार केली की पणतवंडांची तोंडं फोनवर वाटाण्याएवढी दिसतात. हल्ली तुम्ही आमच्याकडे टीव्हीवर दिसता ते त्यामुळे.

सगळं असं सुरळीत चाललं असताना गेल्या महिन्यात अण्णांचं जुनं मशीन बिघडलं. आम्ही नवं घेतलं. कानात बसवून देणारी मुलगी फार हुशार होती. ती म्हणाली, "आजोबांना आता स्वतःचा आवाजही नीट ऐकू येईल. इतकं मोठ्यानं बोलायची त्यांना गरजच पडणार नाही. आणि आजोबा, हे चांगलं प्लास्टिक आहे बरं का, पूजेतसुद्धा चालेल."

परत येताना आई गाडीत माझ्याशी बोलेना. घरी आल्यावर म्हणाली, "जुनं दुरुस्त होत नव्हतं का?"

अण्णा मात्र खुशीत होते. आवाज एकदम खाली आला होता त्यांचा. जेवताना वाढणाऱ्या आईच्या हाताकडे बघत म्हणाले, "बांगड्या वाजतात की तुझ्या. विसरलोच होतो मी." आई हसली, पण संध्याकाळी बाळकृष्णाला म्हणाली, "तू तरी मध्ये पडायचंस रे. उद्यापासून मला काय ऐकू येणार?"

दुसऱ्या दिवशी तिनं गॅस बारीकही नाही, बंदच केला. मी वर्तमानपत्राची घडीसुद्धा मोडली नाही. अण्णा अंघोळ करून आले, मशीन कानात घालून खुर्चीत बसले. पूजा झाली, नैवेद्य झाला, घंटा वाजली. त्यांनी हात जोडले. ओठ हलताना दिसत होते. ऐकू काही येत नव्हतं.

आईनं पदरानं उगीचच ओटा पुसला.

मग अण्णांचे ओठ थांबले. त्यांनी मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आमच्याकडे नाही, नुसतं दाराकडे. घर किती शांत आहे, हे ते बहुधा पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांनी सावकाश मशीन काढलं, चष्म्याच्या डबीत ठेवलं, झाकण टक् करून लावलं, आणि पुन्हा हात जोडले.

"मेहेरबान देवाधिदेव यांचे सेवेशी," आवाज अगदी पूर्वीसारखा, भिंतीपलीकडे जाणारा. "अर्जदार नेहमीप्रमाणे हजर आहे. कुटुंबाच्या मनगटाला तेल लावण्यात कसूर होत आहे, तरी तिला सक्त ताकीद द्यावी. दुसरं, शिरा होऊन बरेच दिवस झाले."

आईनं डोळे पुसले की हसू दाबलं, ते मला दिसलं नाही. तिनं गॅस पेटवला आणि कुजबुजत विचारलं, "रवा आहे ना गं?"

अण्णांना हे केव्हापासून माहीत आहे, ते मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर पूर्ण झालं. एक तेवढं राहिलं. तुमच्या आईनं मागच्या रविवारी मला माझ्या पुढच्या व्यवस्थेबद्दल विचारलं. मी तिला म्हणाले, "माझी व्यवस्था उत्तम आहे, तुझी पाठदुखी कशी आहे?" फोन ठेवल्यावर माझी आई म्हणाली, "बापावर गेलीस." गेले असेन. म्हणून तिला एवढं सांगा. मी इथे रोज दिवेलागणीला देवापुढे बसते आणि हल्ली जरा मोठ्यानं बोलते. तुमच्याकडे तेव्हा सकाळ असते. त्या वेळी फोन केलात तर तो माझी आई उचलेल आणि देवघराच्या दाराशी धरेल, तसं आमचं ठरलंय. तेव्हा लगेच हॅलो म्हणू नका.